हँडलवरची पिशवी आणि मुरूडची वाट

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे मित्र सायकलींवरून मुरूडला जाऊन आलो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत सायकली चढविल्या. ही बोट २०२० साली सुरू झाली. तिच्यामुळे मुंबईच्या सायकलस्वाराला पनवेल-पेणच्या ट्रकांच्या गर्दीतून जावे लागत नाही. पुढे अलिबाग, रेवदंडा, कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल, काशीद आणि मुरूड. वाटेत कुठे नारळी-पोफळीच्या वाड्या, तर कुठे अगदी रस्त्यालगत समुद्र.

निघण्यापूर्वी आम्ही हँडलला बांधायच्या पिशव्या घेतल्या होत्या. आमच्यातल्या एकाने, एकदाच खर्च करायचा तर मोठी घ्यावी, म्हणून दहा लिटरची पिशवी घेतली. पिशवी मोठी असली की माणूस ती भरतोच. कुलूप, पाने, पाण्याच्या दोन बाटल्या, सगळे तिच्यात गेले.

काशीद सोडल्यावर चढ लागतो आणि मग उतार. उतारावर त्याचे हँडल डोलू लागले. पिशवी खाली ओघळली होती आणि ब्रेकच्या वायरी तिच्याखाली दबल्या होत्या. पुढचा ब्रेक पुरता लागेना. समोरून एस.टी. येत होती. मागच्या ब्रेकवर कशीबशी सायकल त्याने कडेच्या मातीत घातली. गुडघा खरचटला, तेवढ्यावर निभावले. घरी त्याची दोन लहान मुले वाट पाहत होती, हे आम्हां तिघांनाही त्या क्षणी आठवले.

मुरूडला जड सामान मागच्या कॅरियरवर बांधले. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या बोटीत बसून, आपले कुठे चुकले, याचा आम्ही विचार केला. वाचक बंधू-भगिनींनी तीच चूक करू नये, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, पिशवी लहान घ्यावी. तीन ते पाच लिटर पुरे. पैसे, ओळखपत्र, औषधे, पंक्चरचे सामान आणि मूठभर चणे-गूळ तिच्यात मावतात. पुढचे वजन हँडलबरोबर वळते, म्हणून ते दोन किलोंच्या आत ठेवावे.

दुसरी, दुकानात आपली सायकल घेऊन जावी. पिशवी बांधून हँडल दोन्ही बाजूंना पुरते वळवावे व ब्रेक दाबून पाहावेत. वायर दुमडता कामा नये. पिशवी आणि चाक यांत चार बोटांचे अंतर हवे. पिशवीने दिवा झाकू नये. हँडल खाली वळलेले असेल, तर दोन्ही पकडींमधली रुंदी आधी मोजावी.

तिसरी, पिशवी झटकन काढता यावी व खांद्याला अडकवता यावी. बोटीत किंवा टपरीवर पैसे सायकलवर सोडून जाता येत नाही.

चौथी, तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी पावसात बरी. तशी नसेल, तर आत प्लॅस्टिकची पिशवी घालावी.

महाग पिशवीच हवी असे नाही. आम्ही परत आल्यावर जाड रेक्झिनची एक पिशवी वस्तीतल्या शिंप्याकडून शिवून घेतली. तळाला आधार दिला आणि ती खाली ओघळू नये म्हणून मधल्या दांड्याला तिसरा पट्टा लावला. आता तीच आमच्या मित्राच्या सायकलवर आहे. गेल्या महिन्यात त्याची मुलगी त्याच्याबरोबर दहा किलोमीटर सायकलवरून आली. निघताना पिशवीचे पट्टे तिनेच ओढून पाहिले.