पथ्य समजावले

मधुमेहात रक्तात वाढते ती साखर म्हणजे ग्लुकोज. चहातल्या साखरेतून तो जितका येतो, त्याहून कितीतरी अधिक तो भात, पोळी, भाकरी, पोहे आणि साबुदाणा यांतल्या पिष्टातून येतो. जेवणानंतर हा ग्लुकोज रक्तात उतरला की स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते आणि त्याच्या मदतीने स्नायू व इतर पेशी तो आत घेतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हे इन्सुलिन तयार होणेच जवळजवळ थांबते आणि ते बाहेरून घेण्याला पर्याय नसतो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्प्सन या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळेपर्यंत अशा मुलांचे आयुष्य फार तर काही वर्षांचे असे. दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असते, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही आणि पुढे पुढे स्वादुपिंडही थकत जाते. आपल्याकडचे बहुतेक रुग्ण या दुसऱ्या प्रकारातले. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आली, की निदान होते.

लठ्ठ माणसालाच मधुमेह होतो ही समजूत पुण्यातल्या संशोधनाने केव्हाच मोडीत काढली आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते, बीएमआय २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. दिसायला सडपातळ असलेला भारतीय माणूस आतून चरबी बाळगून असतो, आणि ती पोटाभोवती व यकृतात साठली की इन्सुलिन निष्प्रभ होऊ लागते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के.

निदानानंतर रुग्णाच्या हाती दोन गोष्टी पडतात, गोळ्यांची चिठ्ठी आणि पथ्याचा कागद. या दोन कागदांचा एकमेकांशी संबंध असतो, हे सहसा सांगितले जात नाही. मेटफॉर्मिन प्रामुख्याने यकृतातून बाहेर पडणाऱ्या ग्लुकोजला आवर घालते. ते एकटेच घेतले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि पोटात अन्न आहे की नाही याची वाट पाहत नाहीत. गोळी घेतली आणि जेवण झाले नाही, तर साखर घसरत राहते.

प्रस्तुत लेखकाच्या आईला मिळालेला पथ्याचा कागद एका पानाचा, छापील होता. वर ‘मधुमेह – आहार’ असे शीर्षक आणि खाली बंद पदार्थांची यादी: साखर, गूळ, मध, भात, बटाटा, रताळे, साबुदाणा, केळे, चिकू, आंबा. उजवीकडे ‘चालेल’ या सदरात पालेभाज्या, ओट्स, ब्राऊन ब्रेड आणि ऑलिव्ह ऑइल. किती खावे, केव्हा खावे, गोळीनंतर किती वेळात खावे, याबद्दल त्यावर एक ओळ नव्हती. केसपेपरवर मात्र शिक्का होता: ‘पथ्य समजावले’.

आईने तो कागद देवघराशेजारच्या भिंतीला टाचणीने लावला आणि शब्दशः पाळला. नेमके येथेच सगळे बिघडले. संकष्टी चतुर्थीचा उपास ती लग्नाआधीपासून करत आली आहे. पूर्वी त्या दिवशी दुपारी साबुदाण्याची खिचडी, एखादे केळे, कधी उकडलेले रताळे असे खाणे असे. कागदाने हे सगळेच बंद केले. उपासाला चालणारे बाकीचे पदार्थ कागदावर नव्हते, आणि जे कागदावर नाही ते खायचे नाही असा तिने सरळ अर्थ लावला. गोळी मात्र चुकवायची नाही असे बजावून सांगितलेले होते. तेव्हा त्या संकष्टीला सकाळी गोळी घेतली, बिनसाखरेचा चहा घेतला आणि दिवसभर दुसरे काही नाही.

कृष्ण चतुर्थीचा चंद्र रात्री साडेआठ-नऊच्या पुढे, कधी त्याहून उशिरा उगवतो. संध्याकाळी आरतीला सुरुवात झाली तेव्हा ती उभी होती. दुसऱ्या कडव्याला तिची ओळ चुकली, मग ती मधेच थांबली आणि निरांजनाकडे नुसती पाहत राहिली. आयुष्यभर पाठ असलेली आरती तिला पुढे आठवेना. बसा म्हटले तर रागावली. एरवी न रागावणारी बाई. कपाळावर, मानेवर दरदरून घाम, पदर ओला, बोटे थरथरत. घरातल्यांच्या मते ही उपासाची चक्कर होती. चंद्रोदयाला अवकाश किती याची कोणीतरी कॅलेंडरवर वेळ पाहिली. शेजारच्या मावशी धावत आल्या. स्वयंपाकघरातून साखरेचे पाणी ढवळून आणले गेले आणि ते ओठांपाशी पोचायच्या आत मावशींनी पेला धरला. “अहो, काय करताय? त्यांना शुगर आहे ना! साखर कशी देताय?”

पेला तिथेच थांबला. दोघे म्हणाले द्या, दोघे म्हणाले नको. भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवले गेले, कारण त्यावर सर्वांत वर साखरच होती. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांकडे ग्लुकोमीटर होता. तो आणेपर्यंत आई आपल्याच घरात ‘मला घरी जायचंय’ असे म्हणू लागली होती. पट्टीवर आकडा आला ४८. तेव्हा कुठे साखरेचे पाणी पोटात गेले. रुग्णालयात तिला रात्रभर ठेवून घेतले, कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम बरेच तास टिकतो आणि एकदा वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते.

रक्तातील साखर ७० च्या खाली जाणे हा इशारा असतो. ५४ च्या खाली गेली की मेंदूचे काम बिघडू लागते. मेंदूला ग्लुकोजचा पुरवठा अखंड लागतो, म्हणून घाम, थरथर, धडधड, कडाडून भूक यांच्या पाठोपाठ चिडचिड, गोंधळ, असंबद्ध बोलणे, आणि उपचार झाला नाही तर बेशुद्धी किंवा झटके येतात. उपाय सोपा आहे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावे. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर अजून ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे आणि वर आल्यावर जेवायला वाढावे. व्होग्लिबोज असलेली गोळी चालू असेल तर साध्या साखरेचा परिणाम उशिरा होतो, म्हणून त्या घरात ग्लुकोज पावडरच हवी. पेढा किंवा चॉकलेट अशा वेळी उपयोगाचे नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश पोचते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, तसेच रुग्णालय गाठावे.

मावशींना दोष देता येत नाही. त्यांनी जे केले ते मायेपोटी, आणि मधुमेहात साखर म्हणजे विष हेच त्यांना वर्षानुवर्षे ऐकवले गेले होते. दोष त्या शिक्क्याचा आहे. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते, एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात, हे मान्य. पण ‘गोळी घेतल्यावर उपाशी राहू नका’ हे पाच शब्द बोलायला तेवढा वेळ पुरतो. ते न बोलता ‘समजावले’ असा शिक्का मारणे हा अन्याय आहे, आणि तो ज्यांना इंटरनेटवर शोधता येत नाही, उलट विचारता येत नाही, अशा बायकांवर सर्वाधिक होतो. घरात सर्वांत शेवटी जेवणारी, उरलेल्यावर भागवणारी बाई या कागदावर कोठेच दिसत नाही. ओट्स आणि ऑलिव्ह ऑइल मात्र दिसते.

मराठी ताटाला बाहेरून काही आणावे लागत नाही. वाढण्याचा क्रम आणि माप बदलावे लागते. एका फुलक्यात सुमारे २० ग्रॅम कर्बोदके असतात, मध्यम वाटीभर भातात ४० च्या आसपास. ज्वारीच्या मोठ्या भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे ती दोन फुलक्यांच्या बरोबरीची. ज्वारीत तंतू अधिक असतात, ती सावकाश पचते, हे खरे. पण ‘भाकरी चालते’ म्हणून दोन भाकऱ्या खाणारा माणूस चार फुलके खाऊन उठतो आणि साखर का उतरत नाही म्हणून चकित होतो. भात बंद करण्याचीही गरज नाही. रूढ पद्धतीत जेवणाची सुरुवात वरणभाताने होते. ती कोशिंबीर, उसळ आणि भाजीने केली आणि भात शेवटी, मोजून घेतला, तर तेवढ्याच जेवणानंतर साखर कमी चढते. मूग, मटकी, चवळी, हुलगे यांच्या उसळी, ताक, अंडे, कोकणात आणि गोव्यात मासे, यांनी पोट भरते आणि साखर फारशी उसळत नाही. गोव्याच्या शीतकडीत प्रश्न माशाचा नसून शिताच्या ढिगाचा आहे. जेवणानंतरची शतपावलीही नुसती रीत नाही. चालताना स्नायू रक्तातला ग्लुकोज थेट वापरतात, म्हणून जेवल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटे चालण्याचा फायदा जेवणानंतरच्या आकड्यात दिसतो.

गुळाबद्दलचा गैरसमज जाता जात नाही. गूळ हाही मुख्यतः साखरच आहे, त्यातले लोह आणि खनिजे चहापुरत्या खड्यात नगण्य असतात. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथ्या यांवर लोकांचा फार भरवसा. मेथ्यांतील तंतूंचा थोडा उपयोग होतो, पण यांपैकी काहीही गोळीची जागा घेत नाही. वजन उतरवणे मात्र खरोखर मोठी गोष्ट आहे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत, दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार काही महिने वैद्यकीय देखरेखीखाली घेऊन वजन उतरवलेल्या गटातील ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षअखेरीस औषधांविना आटोक्यात होता. निदान होऊन सहा वर्षांच्या आतले हे रुग्ण होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीने महाराष्ट्रात अनेकांना शिस्त लावली, हेही नाकारता येत नाही. मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्या माणसाने डॉक्टरांकडून मात्रा बदलून न घेता जेवणांत मोठे अंतर पाडणे म्हणजे संकष्टीच्या त्या संध्याकाळची तयारी करणे होय.

त्या रात्रीनंतर घरात ठरले की आता उपास नाही. आईने ते मानले नाही, आणि तिचा हट्ट चुकीचा म्हणता येत नाही. नव्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, चतुर्थीला ती कशी घ्यायची हे वेगळे लिहून दिले. दुपारी काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर, एक वाटी वरईचा भात, दाण्याची आमटी, ताक. चार वाजता मूठभर शेंगदाणे किंवा पेलाभर दूध. साबुदाणा जवळजवळ सगळा पिष्टच, प्रथिने नावापुरती, म्हणून तो खरोखरच टाळलेला बरा. त्या जुन्या कागदाचे एवढे एक बरोबर होते. चंद्रोदयानंतर नैवेद्याच्या मोदकातला अर्धा ती भाताच्या वाटणीतून वजा करून घेते.

ज्यांच्या घरी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी पुढच्या एकादशीच्या, नवरात्राच्या किंवा श्रावणी सोमवारच्या आधी डॉक्टरांना गोळीचे नाव घेऊन विचारावे: ही घेतल्यावर उपाशी राहिले तर साखर उतरते का, आणि उतरली तर काय करायचे? उत्तर कागदावर लिहून घ्यावे, आणि ग्लुकोजचा डबा कोठे ठेवला आहे ते शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावे.