गाडीचा भरवसा आणि गॅरेजचे अंतर

वापरलेली मोठी एसयूव्ही घ्यावी की न घ्यावी, या प्रश्नाची चर्चा बहुधा गाडीपासून सुरू होते आणि गाडीपाशीच संपते. रनिंग किती झाले, मालक कितवा, टायर कितपत उरले, एवढे विचारून झाले की खरेदीदाराला आपण चौकस असल्याचे समाधान मिळते. परंतु भरवसा हा एकट्या यंत्राचा गुण नव्हे. यंत्र, ते उघडू शकणारा मिस्त्री, त्याला लागणारा सुटा भाग आणि ते जेथे बंद पडते ती जागा या चौघांवर तो अवलंबून असतो, आणि म्हणूनच एकच गाडी पुण्याच्या बाणेरमध्ये भरवशाची, तर मावळातील बेडशात बेभरवशाची ठरू शकते.

बेडसे हे पवन मावळातले गाव. कामशेतहून पवनानगरच्या दिशेने जाऊन तेथे पोहोचता येते, आणि डोंगरात कोरलेल्या प्राचीन बौद्ध लेण्यांमुळे त्याचे नाव बाहेरच्यांना ठाऊक आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग झाल्यानंतर मावळातील जमिनीचे भाव चढले, पवना धरणाच्या काठी तंबू आणि शेतघरे भाड्याने देण्याचा धंदा वाढला, आणि दारात मोठी गाडी असणे ही येथे काही घरांची गरज, तर काहींची प्रतिष्ठा झाली. गुंठ्यागुंठ्याने जमीन विकून फॉर्च्युनर घेणाऱ्याला पुणे जिल्ह्यात ‘गुंठामंत्री’ म्हणून चिडवले जाते. मात्र ज्या घरात म्हातारी माणसे, लेकरे, भाताची पोती आणि लग्नाचे वऱ्हाड एकाच वाहनाने न्यायचे असते, त्या घराने सात आसनांची उंच गाडी हवी म्हणणे हे निव्वळ मिरवणे नव्हे, हेही मान्य करावे लागते.

नवी गाडी आवाक्याबाहेर असते, म्हणून नजर जुन्या बाजाराकडे वळते, आणि तेथे आकड्यांचा एक मोह उभा राहतो. विम्यासाठी गाडीची किंमत ठरवण्याचे जे कोष्टक प्रचलित आहे, त्यानुसार चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीच्या मूळ किमतीतून पन्नास टक्के घसारा वजा होतो. घसारा म्हणजे वापराने व वयाने होणारी किमतीची घट. पस्तीस लाखांची गाडी सतरा-अठरा लाखांत दिसू लागते ती यामुळे. पण गाडीचा भाव निम्मा झाला म्हणून तिच्या टर्बोचा, इंजेक्टरचा किंवा गिअरबॉक्सचा भाव निम्मा होत नाही. तो पस्तीस लाखांच्या गाडीचाच राहतो. जो खरेदीदार सतरा लाखांसाठीच कर्ज काढतो, तो पस्तीस लाखांच्या गाडीची देखभाल कोणत्या खिशातून करणार, हा प्रश्न सौद्याच्या वेळी क्वचितच कोणी विचारतो.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली नेमक्या याच बाजाराचा दाखला घेऊन एक निबंध लिहिला, आणि २००१ साली ज्या कामासाठी त्यांना अन्य दोघांसह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात त्या निबंधाचे स्थान मोलाचे होते. त्यांचे म्हणणे असे की गाडीचे खरे दुखणे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा धोका गृहीत धरून सरासरी भाव देऊ करतो, त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही म्हणून तो मागे हटतो, आणि बाजारात उत्तरोत्तर वाईट मालच उरतो. माहितीच्या या विषमतेचा सिद्धांत अनोळखी माणसांच्या बाजाराला चपखल लागू पडतो. मावळात मात्र त्याला एक वेगळे वळण मिळते. कामशेत–वडगाव परिसरातील गाडी कोणाच्या हातात होती, ती कोणत्या ओढ्याच्या पाण्यात अडकली, टोचन लावून कोणत्या गॅरेजला नेली, हे चार लोकांना ठाऊक असते, म्हणून येथील ओरखडे पडलेली स्कॉर्पिओ ही मुंबईहून आलेल्या चकचकीत परदेशी नावाच्या गाडीपेक्षा कमी धोक्याची असते. उलट बाजूही तितकीच खरी आहे: विकणारा सोयरा किंवा भावकीतला निघाला की गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहू द्या, असे म्हणण्याची जीभ होत नाही, आणि भीड ही भिकेची बहीण असल्याचा प्रत्यय पहिल्याच पावसाळ्यात येतो.

पाहण्यासारख्या गोष्टी तशा फार नाहीत, पण त्या सावकाश पाहाव्या लागतात. गाडी थंड असतानाच सुरू करून पाहावी, कारण विकणाऱ्याने ती आधीच गरम करून ठेवली असेल तर सकाळच्या स्टार्टिंगची कुरकुर कळत नाही. ऑइलचे झाकण उघडल्यावर आत दुधी, फेसाळ थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असल्याची शंका घ्यावी. सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढावा. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली, तरी एरवी गुंडाळून आत राहणाऱ्या त्या पट्ट्याच्या टोकाला गाळाची पिवळट रेघ बरेचदा राहून जाते. मोठ्या एसयूव्हींपैकी पुष्कळ गाड्यांची बॉडी एका स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर बसवलेली असते, त्याला चासी म्हणतात. अपघातात वाकलेली चासी सरळ करून घेता येते, पण गाडी नंतर एका बाजूला ओढते आणि टायर तिरके झिजतात. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, म्हणून त्यापेक्षा ब्रेकच्या पेडलाची आणि स्टिअरिंगची झीज जास्त विश्वासाची मानावी.

येथे कंपनीच्या आयुष्याचाही विचार करावा लागतो, आणि त्याचा धडा मावळ तालुक्यातच आहे. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ साली सुरू झाला. कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात तळेगावचे उत्पादनही बंद झाले, आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. २०२१ च्या सप्टेंबरात फोर्डनेही भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. फोर्डची एंडेव्हर ही गाडी त्यामुळे वाईट झाली नाही, पण तिचा एखादा भाग मिळेपर्यंत ती किती दिवस उभी राहील, हे सांगणे अवघड झाले. याउलट सफारी पिंपरीत तयार होते आणि एक्सयूव्ही ५०० चाकणला तयार होत असे, त्यामुळे त्यांच्या खोडी जाणणारा मिस्त्री आणि त्यांचा सुटा भाग हे दोन्ही एका दिवसाच्या अंतरात सापडतात. वारंवार पण स्वस्तात बिघडणारी गाडी आणि क्वचित पण महागात बिघडणारी गाडी यांत बेडशाच्या घराने पहिलीच निवडावी, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवून ठेवणारी गाळणी, सर्रास आली. साचलेली काजळी जाळण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात धावावी लागते. जी गाडी गाव ते कामशेत एवढीच ये-जा करते, तिची गाळणी तुंबत जाते, आणि ती बदलण्याचा खर्च शेतकरी घराच्या वर्षाचा हिशेब विस्कटू शकतो.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगता येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला हस्तांतर कळवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केल्याप्रमाणे अपघाताची भरपाई आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिकडच्या मोठ्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येऊ लागल्या, पण त्यांना तिकडचा ना-हरकत दाखला आणि येथील रस्ता कर लागतो, तो धरला की स्वस्ताई बरीच विरते. तंबूच्या धंद्यासाठी पाहुणे आणण्याचा विचार असेल, तर पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीने भाडे मारताना अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते, हेही आधीच लक्षात घ्यावे.

तेव्हा पहिल्या मालकाची, तालुक्यात ओळखीची, कामशेतच्या मिस्त्रीने खालून पाहिलेली गाडी असेल आणि किमतीचा पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत असेल, तर ती घ्यावी. तेवढी रक्कम उरत नसेल, तर दिलेला इसार बुडाला तरी चालेल, पण सौदा मोडावा.