सरासरी की गुणाकार?

लोकांची मतं गोळा करायला हल्ली साधनांची कमी नाही. लाइक आहे, अंगठा आहे, स्टार आहेत, पोल आहे. पण गोळा केलेल्या मतांचं करायचं काय? टक्केवारी काढायची, ज्याची जास्त तो जिंकला, विषय संपला!

‘पोलिस’ नावाचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे (खाकी वर्दीशी संबंध नाही, नुसता उच्चारसाधर्म्याचा घोळ). सिअ‍ॅटलच्या मंडळींनी केलेलं. त्यात कुणीही एक छोटं विधान लिहायचं. बाकीच्यांनी ‘सहमत’, ‘असहमत’ किंवा ‘पास’ म्हणायचं. रिप्लायचं बटणच नाही! म्हणजे हुज्जत घालायची सोयच नाही. पटलं नाही तर स्वतःचं वेगळं विधान लिहा.

मागे एक मोठं टेबल असतं. माणसं रो मध्ये, विधानं कॉलममध्ये. त्यावरून सारखी मतं देणाऱ्यांचे गट पाडले जातात आणि नकाशावर आपण कुठल्या कंपूत बसलोय ते दिसतं.

२०१५ मध्ये तैवानात उबरचा वाद पेटला होता, तेव्हा ‘व्हीतैवान’ या उपक्रमात हे वापरलं. एक गट उबरच्या बाजूचा, एक टॅक्सीवाल्यांच्या. उघड उघड दोन तट. पण प्रवाशांसाठी विमा सक्तीचा असावा, यावर मात्र दोन्हीकडची माणसं सहमत निघाली.

अशी विधानं सापडतात कशी? इथेच खरी गंमत आहे. समजा, एका सोसायटीत ९० गाडीवाले आणि १० बिनगाडीवाले. पहिलं विधान: ‘मुलांची खेळायची जागा पार्किंगला द्या.’ गाडीवाल्यांपैकी ८१ हो, बाकीच्यांत एकच हो. एकूण ८२ टक्के. दुसरं: ‘एका घराची एकच गाडी आत.’ ६३ आणि ७ हो. एकूण ७० टक्के. नेहमीच्या हिशोबात पहिलं जिंकतं, मुलं रस्त्यावर.

पोलिसमध्ये ढोबळमानाने प्रत्येक गटाच्या सहमतीचा गुणाकार होतो. पहिलं: ०.९ गुणिले ०.१, म्हणजे ०.०९. दुसरं: ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९. निकाल उलटा! माणसं तीच, मतं तीच, फक्त एक ओळ कोड बदलला.

आम्ही इंजिनिअर लोक सॉर्टिंगचा फॉर्म्युला ‘टेक्निकल डिटेल’ म्हणून सोडून देतो. पण कुणाचं म्हणणं वर दिसणार आणि कुणाचं बुडणार, हे तिथेच ठरतं. त्याला राजकारण नाही तर काय म्हणायचं?

आता गुणाकार म्हणजे रामबाण का? मुळीच नाही. ‘सोसायटी स्वच्छ असावी’ असली गुळमुळीत विधानं त्यात हमखास वर येतात. लहान गट अडून बसला तर चांगलं विधानही खाली जातं. ज्या आजोबांनी मोबाइल उघडलाच नाही, ते टेबलात नसतातच. आणि तैवानातही त्यातून निघालेलं मत सरकारवर बंधनकारक नव्हतं.

तरीपण, भांडण कशावर आहे हे दाखवणारी यंत्रं आपल्याकडे ढीगभर आहेत. कशावर भांडण नाहीये हे दाखवणारं एखादं असायला काय हरकत आहे? पुढच्या वेळी ‘८२ टक्के लोकांचा पाठिंबा’ असं वाचलंत, तर एवढंच विचारा: उरलेले १८ कोण, आणि ते सगळे एकाच बाजूचे तर नाहीत ना?