न परतलेले कबुतर

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर आलेला माझा भाचा एके रात्री संगणक घेऊन माझ्या खोलीत आला. ‘‘मामा, यात नोहाच्या तारवाची गोष्ट आहे. कंटाळा आला तर तसे सांगा,’’ एवढेच बोलून त्याने दिवा मालवला.

‘एंजल्स एग’, म्हणजे ‘देवदूताचे अंडे’, हा ममोरू ओशिई यांचा १९८५ सालचा जपानी ॲनिमेशनपट. त्याचे दृश्यविश्व योशिताका अमानो या चित्रकाराच्या कल्पनेतून उतरलेले आहे. चित्रपट जेमतेम ७१ मिनिटांचा आणि त्यात बहुतेक वेळ कोणी बोलतच नाही. एका ओसाड, काळवंडलेल्या नगरात पांढुरक्या केसांची एक मुलगी एकटी राहते. झग्याच्या आत, पोटाशी धरून ती एक मोठे अंडे जपते. रस्त्यांवर पुतळ्यांसारखे निश्चल उभे असलेले कोळी मध्येच जागे होतात आणि भिंतींवरून सरकणाऱ्या अजस्र माशांवर भाले फेकत धावतात. मासे नसतातच, नुसत्या सावल्या असतात. भाले दगडावर आपटतात.

पुढे खांद्यावर क्रूसाच्या आकाराचे शस्त्र घेतलेला एक तरुण येतो. तो मुलीला जलप्रलयाची कथा सांगतो. मात्र त्याच्या कथेत सोडलेला पक्षी परततच नाही. तारवातली माणसे वाट पाहतात आणि पाहता पाहता आपण पक्षी सोडला होता हेही विसरतात.

मी उठून बसलो. उत्पत्तीच्या आठव्या अध्यायावर मी किती प्रवचने दिली असतील! जैतुनाचे पान चोचीत धरून आलेले कबुतर आपल्या मुलांच्या चित्रांच्या वह्यांतही असते. पण नोहाने ते आणखी सात दिवसांनी पुन्हा सोडले आणि त्या खेपेस ते परतले नाही, याकडे माझे लक्ष क्वचितच गेले होते. तिथे न परतणे ही शुभवार्ता आहे, पाखराला जमीन सापडली आहे. ओशिईंच्या कथेत तेच न परतणे ही अखेर आहे. तारवात बसलेल्या माणसाने यांतले खरे कोणते ते कसे ओळखावे?

मुलगी झोपली असता तो तरुण ते अंडे फोडतो. आत काय आहे हे फोडल्याशिवाय कळायचे नाही, हे त्याचे म्हणणे. त्याच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नाही, रागही नाही. सकाळी कवच पाहून ती जी किंकाळी फोडते, ती ऐकून मी भाच्याला चित्रपट थांबवायला सांगितले. शेवट आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला. तो मी इथे सांगत नाही.

१९९८ साली, दीक्षेनंतरच्या माझ्या दुसऱ्याच वर्षी, मी किनाऱ्यावरच्या एका धर्मग्रामात होतो. तिथल्या एका म्हातारीचा मुलगा होडीसह समुद्रात नाहीसा झाला होता. त्याला अकरा वर्षे लोटली होती. देह मिळाला नव्हता. नाताळच्या रात्री ती त्याचे ताट मांडून ठेवी. घरचे लोक संकोचाने माझ्याकडे आले. सेमिनरीतले तर्कशास्त्र माझ्या डोक्यात अजून ताजे होते. मी तिला शांतपणे, अगदी मुद्देसूदपणे समजावले की मृतासाठी मिस्सा अर्पण करणे हेच खरे प्रेम, हे ताट म्हणजे स्वतःची फसवणूक. तिने वाद घातला नाही. ‘‘फादर, तुम्ही सांगता तर करू,’’ एवढेच म्हणाली.

मिस्सा झाली. घंटा वाजली. पहिल्या बाकावर ती कोरड्या डोळ्यांनी बसली होती.

त्या नाताळात मी तिच्या घरी गेलो, तेव्हा ताट मांडलेले नव्हते. तिने मला खुर्ची दिली, बशीत करंज्या वाढल्या आणि दाराकडे पाठ करून बसली. मला त्या वेळी समाधान वाटले होते.