मंडळी सोडून गेलेला गवई

गायकावर लोकांचे प्रेम असते असे आपण सहज म्हणतो. परंतु थोडा विचार केला असता असे दिसून येते की, ते प्रेम एकट्या गायकावर क्वचितच असते. त्याच्या मागे बसणारा पेटीवाला, शेजारचा तबलजी, ज्या मंडळीत तो गातो तिचे नाव, ज्या मांडवात आपण त्याला प्रथम ऐकले तो मांडव, हे सर्व त्या प्रेमात मिसळलेले असते. म्हणूनच एखादा लाडका गवई जुनी मंडळी सोडून स्वतंत्र गाऊ लागला म्हणजे श्रोत्यांच्या मनात मोठा गोंधळ उडतो. गळा तोच, पण घर बदललेले! कोणी त्याला कृतघ्न म्हणतो, कोणी धाडसी म्हणतो; आणि पुष्कळसे लोक दोन्ही म्हणून पुन्हा त्याचेच गाणे ऐकावयास पुढे जाऊन बसतात.

महाराष्ट्रात या गोष्टीचे सर्वांत ठळक उदाहरण 1913 साली घडले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून किर्लोस्कर नाटक मंडळी ही संगीत रंगभूमीची जणू माउलीच मानली जाई. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच आपले बालगंधर्व, 1905 साली या मंडळीत दाखल झाले. 1911 साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. त्यास गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या होत्या, आणि बालगंधर्वांची भामिनी पाहून प्रेक्षक मोहून गेले. पुढे दोनच वर्षांनी बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस हे तिघेही किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ज्या संस्थेने हाती धरून वाढविले तिच्यातून तिचा कंठमणीच निघून जावा, याचे रसिकांस वाईट वाटणे अगदी स्वाभाविक होते. उलटपक्षी, ज्याच्या गळ्यावर नाटकगृह भरते त्यास आपले घर आपण चालविण्याचा अधिकार का नसावा, हा प्रश्नही तितकाच रास्त होता.

या वादाचा निकाल कोणत्याही सभेत लागला नाही. तो रंगभूमीवरच लागला. 1916 साली गंधर्व मंडळीने ‘स्वयंवर’ नाटक आणले. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गवयाने त्याच्या पदांना रागदारीच्या भारदस्त चाली दिल्या आणि बालगंधर्वांच्या रुक्मिणीने त्या घरोघरी पोहोचविल्या. 1919 साली गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये भरजरी शालू नेसणारे हेच बालगंधर्व दरिद्री सिंधूच्या वेषात उभे राहिले. जुन्या घरात राहून हे सारे घडले असते किंवा नाही, हे आज सांगता येणार नाही. मात्र जे घडले त्याने तक्रार करणाऱ्यांनाही ऐकावयास लावले, एवढे निश्चित.

आता मागे राहिलेल्या घराचे काय झाले तेही पाहिले पाहिजे. कारण निघून जाणाऱ्याकडे सर्वांचे डोळे लागतात आणि मागची रिकामी जागा कोणाच्या ध्यानात येत नाही. किर्लोस्कर मंडळीत पुढे गोव्याच्या मंगेशी गावचा एक कोवळा मुलगा आला. तो म्हणजे दीनानाथ मंगेशकर. त्याने बालगंधर्वांची नक्कल केली नाही. त्याचा गळा तेजस्वी, ताना वीज चमकावी तशा. त्यामुळे गंधर्वगायकीच्या माधुर्यास सरावलेल्या कानांना तो काहीसा निराळा वाटे. परंतु निराळे म्हणजे उणे नव्हे, हे श्रोत्यांना हळूहळू उमगले. गंमत अशी की, 1918 साली दीनानाथांनीही किर्लोस्कर मंडळी सोडून बळवंत संगीत मंडळी काढली! आणि इकडे गोविंदराव टेंबे गंधर्व मंडळीतून निघून आपली शिवराज मंडळी चालवू लागले होते. मंडळ्या अशा फुटत गेल्या. पण प्रत्येक फुटीबरोबर महाराष्ट्रास ऐकावयास एक नवी गायकी मिळाली.

त्या काळी बालगंधर्वांचे भक्त आणि ललितकलादर्श मंडळीच्या केशवराव भोसल्यांचे भक्त यांच्यातही मोठी चुरस असे. केशवरावही आपली जुनी मंडळी सोडूनच 1908 साली स्वतंत्र झालेले. परंतु 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी या दोन मंडळ्यांनी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. केशवराव धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी झाले, आणि एकमेकांशी भांडणारे श्रोते एकाच छपराखाली बसले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवरावांचे निधन झाले. तो एक प्रयोग झाला नसता तर रसिकांना केवढी चुटपुट लागून राहिली असती!

कोणी म्हणेल, हे पुण्यामुंबईचे लाड झाले. आम्हा बीडकरांस त्याचे काय? बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि बीड शहरात रेल्वेची प्रवासी गाडी यावयास 2025 साल उजाडावे लागले. मोठमोठे पडदे घेऊन फिरणाऱ्या नाटक मंडळ्या जेथे रेल्वे नेई तेथे सुखाने जात. आडरस्त्याच्या गावी त्यांचे गाणे बहुधा तबकडीवरूनच पोहोचे. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावते. तेथे पडदे नाहीत, शालू नाही, मंडळीची पाटी नाही, केवळ आवाज. अशा रीतीने ऐकणाऱ्यास गवई कोणत्या मंडळीचा हे विचारण्याचे कारणच उरत नाही. तथापि असा वाद आमच्या भागातही होतो, आणि तो मी लहानपणी जवळून पाहिला आहे.

आमचे गाव गेवराई तालुक्यातले. गावच्या भजनी मंडळात माझे वडील अठरा वर्षे टाळकरी होते. मंडळाचे गायक, ज्यांना सारे नुसते ‘बुवा’ म्हणत, त्यांचा गळा असा की, पहाटेच्या काकड्यास त्यांनी पहिला सूर लावला म्हणजे नदीपलीकडच्या वस्तीवर लोक उठून बसत. एके वर्षी बुवांनी मंडळ सोडले, शहरात जाऊन चार परके साथीदार घेतले आणि स्वतःच्या नावाने अभंगांची कॅसेट काढली. गावात एकच काहूर उठले. “वीणा आम्ही हाती दिली आणि नाव स्वतःचे लावले,” असे वडीलधारे म्हणू लागले. बुवांची बाजू घेणारे थोडे होते. पण त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मे गाव कोयता घेऊन ऊसतोडीस कारखान्यांवर जाते. मृदंगवाला जाई, टाळकरी जात, आणि बुवा देवळात एकटे उरत. त्यांची दोन एकर जमीन कोरडवाहू होती. वर्षातले पाच-सहा महिने मंडळच जर गाव सोडते, तर बुवांनी मंडळ सोडले असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

त्या हिवाळ्यात मीही आईवडिलांबरोबर कारखान्यावर होतो. रात्री कोप्यांपुढे शेकोटी पेटली होती. एका ट्रॅक्टरवाल्याने ती कॅसेट आणली होती, ती त्याने लावली. बुवांचा आवाज आला तसा एक जण रागाने म्हणाला, “बंद कर ते.” दुसरा म्हणाला, “राहू दे, रात लई मोठी हाय.” वडील काही बोलले नाहीत, मात्र त्यांच्या हातांची बोटे टाळ धरल्यासारखी मिटली. बुवांनी तुकोबांच्या अभंगाचे पहिले चरण म्हटले आणि नेहमीच्या सवयीने ते क्षणभर थांबले. आमच्या मंडळाची झील याच जागी येत असे. कॅसेटमधल्या परक्या साथीदारांस ते ठाऊक नव्हते. ती जागा तशीच मोकळी राहिली. पुढच्या कडव्यास पुन्हा ती जागा आली, तेव्हा शेकोटीभोवतीच्या माणसांनी न ठरविता, दिवसभर मोळ्या वाहून थकलेल्या आवाजात, ती झील उचलली. ज्याने बंद करावयास सांगितले होते तोही त्यात होता. कॅसेट संपल्यावर वडील एवढेच म्हणाले, “गळा तोच हाय. टाळ मात्र ढिला वाजतोय.”

उन्हाळ्यात गावी परतल्यावर सप्ताहात वीणा कोणी धरावी हा प्रश्न आला. बुवांच्या मागे उभा राहून वर्षानुवर्षे टाळ वाजविणारा एक तरुण पुढे झाला. त्याचा आवाज बारीक; पहिल्या वर्षी लोक मनातल्या मनात तुलना करीत होते. दोन-तीन वर्षांनी ती तुलना थांबली, कारण त्यास स्वतःची चाल सापडली. पुढे सप्ताहात बुवांच्या नव्या मंडळीसही एका रात्रीचा जागर देण्यात येऊ लागला. नाराज मंडळीही त्या रात्री येत. फक्त थोडी उशिरा येत व मागे बसत, इतकेच.

विद्यार्थीमित्रहो, उद्या तुमच्यापैकी कित्येक जण शिक्षणासाठी हे गाव, ही शाळा, हा मित्रांचा मेळा सोडून जाल, आणि कित्येक मागे राहाल. जाणाऱ्याने आपल्या गाण्यातली झीलेची जागा कोणी शिकविली हे विसरू नये. राहणाऱ्याने रुसण्यापूर्वी जाणाऱ्याचे नवे गाणे एकदा संपूर्ण ऐकावे. ते पसंत पडले नाही तर तसे मोकळेपणाने म्हणावे, परंतु न ऐकता म्हणू नये. आणि पालकांसही एक विनंती. जो गेला त्याच्याविषयी बोलण्यात सारी रात्र घालवू नका. त्याच्या मागे टाळ घेऊन उभा असलेला मुलगा कोण आहे, इकडेही थोडे लक्ष असू द्या. पुढच्या सप्ताहात वीणा कदाचित त्यालाच धरावयाची असेल.