आधी वाच, मग घे

पुणे

चि. चिऊस,


पहिल्या पगारातले थोडे पैसे कॉमिक्स आणि फिगर्ससाठी बाजूला काढलेस आणि काय घेऊ म्हणून मला विचारलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. तू पाठवलेली यादी दोनदा वाचली. यादीत बहुतेक सगळं ‘मर्यादित’ आहे, लवकर संपणारं आहे, पुढे भाव चढेल असं कुणीतरी सांगितलेलं आहे. पण त्यातली किती पात्रं तुला माहीत आहेत, त्यांच्या गोष्टी तू वाचल्या आहेस का, हे यादीवरून कळेना. म्हणून हे लांबलचक पत्र. माझं म्हणणं मात्र एवढंच आहे: आधी वाच, मग घे.

हे मी कशाच्या जोरावर म्हणते, ते तुझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या जी. आय. जोवरूनच सांगते. हॅस्ब्रो कंपनीने 1964 मध्ये काढलेला मूळ जी. आय. जो हा खेळण्यातला सैनिक बारा इंची होता. 1982 मध्ये कंपनीने तो पावणेचार इंची करून, प्रत्येकाला वेगळा चेहरा आणि नाव देऊन अख्खी तुकडी बाजारात आणली. सोबत मार्व्हलचं कॉमिक सुरू झालं. त्या काळी अमेरिकेत खेळण्यांच्या जाहिरातीत ॲनिमेशन किती दाखवायचं यावर बंधन होतं. म्हणून टीव्हीवर जाहिरात केली ती कॉमिकची, आणि ॲनिमेशन त्यात भरलं. थोडक्यात, हे कॉमिक निघालं खेळणी खपवण्यासाठीच.

पण ते लिहायला बसला लॅरी हामा. हा माणूस व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी लष्करात होता. सैनिक आपसात कसे बोलतात, कशावर कुरकुरतात, हे त्याने पाहिलेलं होतं. खेळण्याच्या पुठ्ठ्यामागे छापलेली त्या त्या सैनिकाची माहितीही बहुतेक त्यानेच लिहिली: खरं नाव, जन्मगाव, कामगिरी, स्वभाव. बोटाएवढ्या प्लास्टिकला त्याने गाव दिलं, घरची माणसं दिली.

स्नेक आइजचंच बघ. पहिल्या तुकडीत रंगकामाचा खर्च वाचवायचा म्हणून एक फिगर नुसत्या काळ्या प्लास्टिकची ठेवली. ना चेहरा, ना पट्टे, ना बिल्ले. हामाने त्या कोरेपणातून बोलू न शकणारा, चेहरा झाकून वावरणारा कमांडो उभा केला. मग 1984 चा एकविसावा अंक आला. अख्ख्या अंकात एकही संवाद नाही, ‘धडाम’ नाही, निवेदनाची ओळ नाही. त्याच तुकडीतली स्कार्लेट शत्रूच्या किल्ल्यात कैद आहे आणि स्नेक आइज तिला सोडवायला शिरतो. पण ती त्याची वाट पाहत बसलेली नाही. बेड्या सोडवून स्वतःच बाहेर पडलेली आहे. पांढऱ्या पोशाखातला निंजा स्टॉर्म शॅडो याच अंकात पहिल्यांदा दिसतो. शेवटी आपल्याला कळतं, की स्नेक आइजच्या आणि त्याच्या हातावर एकच खूण गोंदलेली आहे. एका शब्दाशिवाय दोन वैऱ्यांचं जुनं नातं उघड होतं. हा अंक वाचल्यावर काळी फिगर हातात घे, तुला ती वेगळीच दिसेल. तोवर ते काळं प्लास्टिक आहे.

आपल्याकडेही या तुकडीचा एक धागा आहे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून 1987 मध्ये फनस्कूल सुरू केली आणि गोव्याच्या कारखान्यातून जी. आय. जो बाहेर पडू लागले. साचे अमेरिकेचे, पण रंग कितीदा आपलेच. तिकडे हिरवा असलेला सैनिक इकडे भलत्याच रंगात यायचा. तुझी आई आणि मी त्यांच्याशीच खेळलो. पुढे परदेशातले संग्राहक हेच रंग शोधत आपल्या फिगर्स मागवू लागले. आज त्या महाग झाल्या आहेत. तुला घ्यायच्या असतील तर जरूर घे, पण खेळून रंग उडालेली घ्यायला लाजू नकोस. ती स्वस्तही मिळते आणि तिला भूतकाळही असतो.

आता नव्याबद्दल. 2023 च्या जूनमध्ये रॉबर्ट कर्कमनच्या ‘व्हॉइड रायव्हल्स’पासून ‘एनर्जॉन युनिव्हर्स’ सुरू झालं. ट्रान्सफॉर्मर्स आणि जी. आय. जो आता एकाच जगात नांदतात. त्यातलं डॅनियल वॉरेन जॉन्सनचं ‘ट्रान्सफॉर्मर्स’ तू डोळे मिटून घे. पहिले सहा अंक त्याने स्वतः लिहिले आणि काढले आहेत. त्याचे यंत्रमानव कुस्तीगिरांसारखे भिडतात, एकमेकांना उचलून आपटतात, आणि प्रत्येक आपटण्याचं वजन पानावर जाणवतं. तरी लक्षात राहतो तो ऑप्टिमस प्राइमचा हळवेपणा. 2024 मध्ये या मालिकेला आयस्नर पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

जोशुआ विल्यमसनचं ‘ड्यूक’ही मला आवडलं. डोळ्यांदेखत विमानाचा राक्षसी रोबो झालेला पाहणारा सैनिक, आणि त्याच्यावर कुणाचाच विश्वास नाही. सुरुवात फार नेमकी आहे. पण त्यानंतर कोब्रा कमांडर, स्कार्लेट, डेस्ट्रो अशा छोट्या मालिका सुटल्या. सगळं कळायला सगळं विकत घ्या, हा हिशेब मला पटत नाही. हामाची जुनी मालिका मात्र अजून चालू आहे. मार्व्हलने 1994 मध्ये 155 व्या अंकावर थांबवली, 2010 मध्ये आयडीडब्ल्यूने पुढे नेली, आणि 2023 पासून 301 व्या अंकापासून स्कायबाउंड काढतं. एवढी वर्षं एकाच माणसाने आपली पात्रं सांभाळली, हे मला फार मोठं वाटतं.

जी. आय. जोच्या बाहेरचं एक सुचवते: 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेलं स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटाचं ‘ॲब्सोल्यूट बॅटमन’. यातला ब्रूस वेन श्रीमंत नाही, वाड्यात राहत नाही. पैसा काढून घेतल्यावर बॅटमनचं काय उरतं, हा प्रश्न त्यांनी प्रामाणिकपणे विचारला आहे. फक्त एकाच अंकाची चार-पाच मुखपृष्ठं जमवू नकोस. आतली पानं तीच असतात. त्या पैशात दुसरं कॉमिक येतं.

फिगर्समध्ये 2020 पासून आलेली सहा इंची ‘क्लासिफाइड’ मालिका तुझ्या यादीत आहे. सुरुवातीच्या काहींवर उगाच सोनेरी नक्षी आणि भविष्यातली वाटणारी चिलखतं होती. पुढे मूळ पोशाखांकडे वळल्यावर मालिका खरी बहरली. सांधे सुरेख वाकतात, चेहरे जिवंत आहेत. तरी माझं मन पावणेचार इंचावरच आहे. तो आकार जीपमध्ये बसतो, रणगाड्यात बसतो, मुठीत मावतो.

जुनी छोटी फिगर घेतलीस तर एक काम आधी कर. पाठीवर एकच स्क्रू असतो. तो काढला की छाती दोन तुकड्यांत उघडते. आत काळ्या रबराचं एक छोटं कडं दिसेल. त्यानेच धड, कंबर आणि पाय एकत्र धरलेले असतात. पाय धातूच्या हुकाने त्या कड्यात अडकवलेले असतात. रबर वाळलं की एक दिवस तुटतं आणि सैनिकाचे दोन तुकडे होतात. त्याच मापाचं नवं कडं घाल, हुक अडकव, आणि स्क्रू हलक्या हाताने आवळ; जोर लावलास तर प्लास्टिकला तडा जातो. एकदा हे केलंस की पेटीतून न काढता भाव चढायची वाट पाहत बसणं तुला जमणारच नाही, आणि मला तेच हवं आहे.

तेव्हा यादी अशी कर. आधी हामाच्या जुन्या अंकांचा संकलित खंड आणि जॉन्सनचे पहिले सहा अंक. महिनाभर दुसरं काही घेऊ नकोस. वाचून झाल्यावर जे पात्र डोक्यातून जाणार नाही, फक्त त्याची फिगर माग, मग ती बाजारात कुणाला नको असली तरी चालेल. कुणाची निवड केलीस आणि का, ते मला सविस्तर लिही. स्कार्लेटला सोडून दुसऱ्या कुणाला पहिला मान दिलास, तर मी वाद घालणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी