जुळणी

पैठणच्या आमच्या घरात ओसरीवर आबांचा माग आहे आणि आतल्या खोलीत माझा जुना लॅपटॉप. आबा पैठणी विणतात. पदरावरचे मोर आणि कमळे मी लॅपटॉपवर रेखाटून देतो.

एके वर्षी लग्नसराईच्या तोंडावर हा लॅपटॉप हट्टाला पेटला. पदराचे चित्र उघडावे, तर मोर अर्धाच उमटे आणि सारे काम थबके. कारण उघड होते. संगणकाची साठवण म्हणजे घरातले कपाट, तर रॅम नावाची त्याची तात्पुरती स्मृती म्हणजे कामाचे मेज. माझे मेज अवघे 4 गिगाबाइटचे. त्यावर मोराचा पिसारा मावावा कसा?

साठवलेले पैसे खिशात घालून मी छत्रपती संभाजीनगर गाठले. 'मोठी आणि नवी' एवढाच माझा निकष! 8 गिगाबाइटची पट्टी घेऊन मी विजयी मुद्रेने परतलो. लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली, तळाचे झाकण उघडले. परंतु पट्टी काही रिकाम्या जागेत बसेना. मी अंगठ्याने जोर देणार, तोच आबा म्हणाले, "बळ लावू नकोस, बाळा. बसत नाही, म्हणजे ती तिथली नव्हे."

मी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. जुनी डीडीआर-3एल जातीची, 204 टोकांची. नवी डीडीआर-4 जातीची, 260 टोकांची. एकीला 1.35 व्होल्टचा विद्युतदाब हवा, दुसरीला 1.2 व्होल्टचा. खाचाही वेगळ्या ठिकाणी! भलती पट्टी आत शिरू नये, म्हणूनच ती खाच होती. पाकीट फोडल्यामुळे पट्टी परत करता येईना. पैसे वाया गेले आणि दोष सर्वस्वी माझ्या उतावळेपणाचा होता.

त्या संध्याकाळी आबा मागावर नवा ताणा चढवीत होते. जुन्या ताण्याच्या प्रत्येक टोकाला ते नव्याचे एकेक टोक सांधीत होते. हात न थांबवता ते म्हणाले, "रेशीम आणायला जाताना मी जुना धागा बरोबर नेतो. दुकानात सगळेच रेशीम सुंदर दिसते."

पुढल्या महिन्यात मी आधी लॅपटॉपची माहितीपुस्तिका वाचली. त्यात एकूण 8 गिगाबाइटच मावत होते. मग जुनी पट्टी कागदात गुंडाळून बरोबर नेली आणि तिच्याच जातीची, तिच्याच 1600 या वेगाची, 4 गिगाबाइटची साधी पट्टी निवडली. घरी येऊन ती तिरकी सरकवली, अलगद खाली दाबली. 'टक्' असा आवाज झाला. यंत्र सुरू होताच पडद्यावर 8 गिगाबाइटचा आकडा दिसला आणि पाठोपाठ मोर, पिसाऱ्यासकट!

तो पदर वेळेवर मागावर चढला. न बसलेली पट्टी मात्र मी अजून खणात जपून ठेवली आहे. काही नवे घेण्याचा मोह झाला, की आधी खण उघडतो.